खडतर वाटेचे दोन प्रवासी

जुनी मोटार म्हटली की चकचकीत दिवे आणि गुळगुळीत राजरस्ता डोळ्यांसमोर येतो. दऱ्याखोऱ्यांतील वाटांचा मान मात्र आजच्या 'फोर व्हील ड्राइव्ह' गाड्यांना दिला जातो. इतिहास थोडे निराळे सांगतो. हेन्री फोर्ड यांची 'मॉडेल टी' १९०८ मध्ये अमेरिकेत आली, तेव्हा तेथील खेड्यांतले रस्ते पावसात चिखलाचे व उन्हात धुळीचे असत. उंच बांधणी, हलके वजन आणि व्हॅनेडियम पोलाद यांच्या बळावर ती शेतकऱ्याच्या दारी पोहोचली. १९२७ पर्यंत अशा सुमारे दीड कोटी गाड्या तयार झाल्या.

काल आणि आज

'मॉडेल टी'चे २.९ लिटरचे इंजिन जेमतेम २० अश्वशक्ती देई. नाशिकला तयार होणारी 'महिंद्रा थार' २०२० मध्ये नव्या रूपात आली, तेव्हा तिचे २.२ लिटरचे डिझेल इंजिन १३० अश्वशक्तीचे होते. थारमध्ये गरजेनुसार चारही चाकांना शक्ती मिळते आणि ६५० मिलिमीटर खोल पाण्यातूनही ती वाट काढू शकते. 'मॉडेल टी'ची केवळ मागची चाके चालत. तिची इंधनटाकी आसनाखाली असे व पेट्रोल केवळ उताराने इंजिनात येई. त्यामुळे टाकीत पेट्रोल कमी असले, की चालक तीव्र चढ चक्क उलट्या दिशेने चढत! सुरक्षिततेची तर तुलनाच नको. थारला २०२० मध्ये 'ग्लोबल एनकॅप' चाचणीत चार तारे मिळाले, तर 'मॉडेल टी'च्या काळी आसनपट्टाही नव्हता.

मूल्याचे गणित

खरा भेद मूल्यात आहे. विम्याच्या प्रचलित तक्त्यानुसार नव्या वाहनाच्या किमतीतून पहिले वर्ष संपताना १५ टक्के, तर पाचव्या वर्षी ५० टक्के घसारा वजा होतो. वाहनकर्जाची मुदत ठरविताना हा उतार ध्यानी घेणे हिताचे. जुन्या मोटारीचे मूल्य मात्र तिचे मूळपण, स्थिती आणि कागदपत्रे यांवर ठरते.

केंद्र शासनाच्या २०२१ च्या नियमांनुसार, प्रथम नोंदणीस ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते. शुल्क २०,००० रुपये व मुदत १० वर्षे. फेरनोंदणीस ५,००० रुपये. अट अशी, की सांगाडा, बाह्यांग व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांसाठीच ते रस्त्यावर आणता येते. नित्य वा व्यावसायिक वापरास मनाई आहे.

म्हणूनच आजोबांची मोटार भंगारात देण्यापूर्वी, अथवा सोयीसाठी तिला नवे इंजिन बसविण्यापूर्वी, जुने नोंदणीपत्र शोधावे आणि जाणकाराचा सल्ला घ्यावा. आयात केलेली असल्यास आयातीचे कागदही जपावेत. रोजच्या प्रवासासाठी नवे वाहन खुशाल घ्यावे. ते झिजण्यासाठीच असते. वारसा मात्र एकदा मोडला, की कोणत्याही कर्जाने परत मिळत नाही.