खिळा आधी जातो

आमच्या पिढीने हातात धरलेली पाटी काळ्या दगडाची असे, लाकडी चौकटीत बसवलेली. पडली की फुटायची, आणि फुटली की घरी बोलणी बसायची. त्यामुळे पाटीचा दगड, म्हणजे स्लेट, ठिसूळ, हे मनात पक्कं बसलं. युरोपातल्या पावसाळी मुलखात मात्र याच दगडाची छपरं शंभर-दीडशे वर्षं पाऊस झेलत उभी आहेत. चर्च आणि वाडे सोडाच, गिरण्या, गोदामं, स्थानकं, हॉटेलं यांच्यावरही ती आहेत. जिथे पै-पैचा हिशेब होतो, तिथल्या मालकांनी हा 'फुटका' दगड का निवडला असेल? आणि आज एखाद्याला दुकानाच्या, कचेरीच्या किंवा हॉटेलच्या इमारतीवर तो घालायचा असेल, तर त्याने आधी काय पाहावं?

सुरुवात दगडापासूनच करू. समुद्रतळाशी चिखल साचतो, त्याचा खडक होतो. पुढे भूखंडांच्या रेट्यात तो बाजूने दाबला गेला की आतले अभ्रकासारखे चपटे कण दाबाच्या काटकोनात, एका दिशेने रचले जातात. त्या दिशेने छिन्नी लावली की दगड पापडासारखा सुटतो. मूळ थर कसे होते, याच्याशी त्या चिरेचा संबंध उरत नाही. आपल्या भागात हे घडलं नाही. सह्याद्री लाव्ह्याचा, त्याला असा रेटा बसलाच नाही. म्हणून कोकणाने भाजलेल्या मातीचं कौल पत्करलं, आणि 1865 साली बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढल्यावर ते 'मंगलोरी' झालं. शहाबादी फरशी आणि कडप्पा दिसायला स्लेटसारखे, पण दोन्ही चुनखडक. ओट्याच्या कडप्प्यावर लिंबू चिरून ठेवलं की डाग उमटतो, तो त्यातल्या चुन्यामुळे. हा डाग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

छपराच्या स्लेटचं माहेर म्हणावं असा मुलूख म्हणजे वायव्य वेल्स. तिथला उत्तम दगड सुमारे 50 कोटी वर्षांपूर्वीचा. बेथेस्डा गावाजवळची पेन्‍रिन खाण रिचर्ड पेनंटने 1780 च्या दशकात मोठ्या प्रमाणावर चालवायला घेतली. हा माणूस जमेकातल्या उसाच्या मळ्यांचा आणि तिथल्या गुलामांचा मालक. त्या मळ्यांचा पैसा वेल्सच्या डोंगरात ओतला गेला. स्लेटची मापं ठरली आणि मापांना नावं मिळाली ती सरदारघराण्यातल्या बायकांची: 24 बाय 12 इंची 'डचेस', 20 बाय 10 ची 'काउंटेस', 16 बाय 8 ची 'लेडी'. गवंड्याने शिडीवरून 'आणखी दोन डझन काउंटेस वर पाठव' असं ओरडायचं, यात कुणाला काही गमतीचं वाटत नसे.

गिरणीमालकांना या दगडात दिसलं ते आगीचं उत्तर. सूत आणि तेलाने भरलेल्या लाकडी गिरण्या एका ठिणगीने खाक होत. 1797 साली श्रूसबरीला जवसाच्या सुताची गिरणी उभी राहिली. लोखंडी खांब आणि लोखंडी तुळया यांच्या सांगाड्यावर बांधलेली ती जगातली पहिली इमारत. ज्या मालकाने आगीच्या भीतीने लाकूड काढून लोखंड घातलं, तो वर गवत कसं घालेल? स्लेट जळत नाही, आणि इंग्लंडातल्या जुन्या जाड दगडी फरश्यांच्या मानाने हलकी असल्याने खालचा सांगाडाही हलका चालतो. अडचण कराची होती. समुद्रमार्गे जाणाऱ्या स्लेटवर 1794 मध्ये बसलेला कर 1831 मध्ये उठला, आणि धंदा उसळला. 1842 च्या मे महिन्यात हॅम्बुर्ग जळालं तेव्हा ते पुन्हा उभारायला वेल्सचा दगड जहाजांनी गेला. 1898 मध्ये वेल्सच्या खाणींत सुमारे 17,000 माणसं वर्षाला पाच लाख टनांच्या आसपास माल काढत होती.

1900 पासूनची तीन वर्षं मात्र दगडापेक्षा माणसांची आहेत. बेथेस्डाजवळच्या त्या खाणीत खडकाच्या एकेका भागासाठी कामगारांची टोळी दर महिन्याला मुकादमाशी सौदा करी. दगड वाईट निघाला तर दर जास्त, चांगला निघाला तर कमी. त्या सौद्यात कामगाराचा मान होता. मालक लॉर्ड पेन्‍रिनला त्याऐवजी ठेकेदार हवे होते, आणि संघटना तर नकोच होती. 22 नोव्हेंबर 1900 रोजी सुमारे 2,800 कामगार बाहेर पडले आणि संप तीन वर्षं चालला. या घरात फितूर नाही, अशा मजकुराची वेल्श भाषेतली छापील पत्रं खिडक्याखिडक्यांत लागली. ज्या खिडकीतून पत्र उतरलं, त्या घराशी शेजाऱ्यांचं बोलणं कित्येक वर्षं तुटलं. 1903 च्या नोव्हेंबरात कामगार हरले. पण मालकही पुरता जिंकला नाही. माल मिळेना म्हणून बांधकामवाले परदेशी स्लेटकडे आणि भाजलेल्या कौलांकडे वळले होते, आणि त्यातले बरेच परत आलेच नाहीत. या मुलखाला 2021 साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पेन्‍रिनची खाण आजही चालू आहे, आणि दगड चिरण्याचं काम अजून छिन्नी-हातोडीनेच, ओल असेतो, होतं. सुकलेला दगड तितका सरळ चिरत नाही.

आता निवडीकडे. आज छपराची बहुतेक स्लेट स्पेनमधून, मुख्यतः गॅलिसियातून येते. नमुन्याची चौकट समोर ठेवून गिऱ्हाईक रंग पाहतं. रंग शेवटी पाहावा. आधी चाचणीचा कागद मागावा, आणि तो कुठल्या खाणीच्या मालाचा आहे ते पाहावं. एकाच गावच्या दोन खाणींत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. अमेरिकी मानकात स्लेटचे तीन दर्जे आहेत: 75 वर्षांहून जास्त, 40 ते 75 आणि 20 ते 40. पहिल्या दर्जाचा दगड वजनाच्या पाव टक्क्याहून जास्त पाणी पीत नाही. युरोपी मानक आणखी दोन गोष्टी विचारतं. दगडातले लोहमाक्षिकाचे चकाकते कण गंजतात का, आणि गंजले तर नुसता ओघळ उमटतो की भोक पडतं? आणि दगडात चुना किती? इथे लिंबाचा डाग परत आला. शहराच्या आम्लयुक्त पावसात चुन्याचं जिप्सम होतं, ते फुगतं आणि दगड मऊ पडून त्याचे पापुद्रे सुटू लागतात. हे आधी होतं दोन पाट्या एकमेकींवर येतात तिथे, कारण ओल तिथेच अडकून राहते. वरून छप्पर चकचकीत दिसतं आणि सांध्याखाली कुजत असतं.

मग उतार आणि वजन. स्लेट आडव्या छपराची नव्हे. साधारण 20-22 अंशांच्या खाली पाणी सांध्यातून उलटं चढतं. पाट्या अशा रचतात की पाख्यावर कुठेही बोट ठेवा, खाली किमान दोन थर लागतात आणि सांध्यापाशी तीन. 500 बाय 250 मिलिमीटरची 'काउंटेस' 75 मिलिमीटर चढवून लावली, तर चौरस मीटरला सुमारे 19 पाट्या बसतात. पाच-सहा मिलिमीटर जाडी धरली तर त्यांचं वजन 33 ते 40 किलोंच्या घरात जातं. मंगलोरी कौलं पेलणाऱ्या सांगाड्याला हे नवं नाही, पण पत्र्याच्या हिशेबाने उभारलेल्या सांगाड्यावर ते चढवायचं म्हणजे अभियंत्याची सही हवी.

व्यापारी इमारतीची खरी अडचण निराळीच. तिच्या छपरावर वातानुकूलन यंत्रं, नळ्या, तारा, आणि त्या तपासायला महिन्यातून दोनदा चढणारा माणूस. स्लेटवर पाय देऊन चालायचं नसतं. तिच्यावर आढ्याला अडकवलेली शिडी टाकून, वजन पसरून जावं लागतं. हे तारवाल्याला कोण सांगणार? म्हणून माझं मत असं: रस्त्यावरून दिसणाऱ्या तीव्र उताराच्या पाख्यावर स्लेट घालावी, आणि यंत्रं मागे सपाट भागावर ठेवावीत. ज्याला इमारत पंधरा वर्षांत विकायची आहे, त्याने या भानगडीत पडूच नये. पंच्याहत्तर वर्षांच्या दगडाचा खर्च एकाने करायचा आणि फायदा तिसऱ्याने घ्यायचा, हे हिशेबात बसत नाही. विद्यापीठ, जुनी पेढी, पिढीजात हॉटेल यांचं गणित निराळं.

आणि आता खिळा. जुनी छपरं गळू लागतात तेव्हा दगड सहसा शाबूत असतो. गंजून गेलेला असतो लोखंडी खिळा. पाट्या एकेक करून घसरू लागतात. ब्रिटिश कारागीर अशा छपराला खिळ्यांचा आजार जडला म्हणतात. दोन-चार पाट्या गेल्या असतील तर शिशाची पट्टी वाकवून त्या अडकवता येतात. शेकड्याने घसरू लागल्या की सगळं उतरवावं लागतं. म्हणून खिळा तांब्याचा हवा. दगडावर हजार खर्च करून खिळ्यावर दहा वाचवणारे ठेकेदार सगळ्या देशांत सारखेच. ठोकण्यातही कसब आहे. खिळा आवळायचा नाही, पाटी त्यावर टांगलेली राहायला हवी. जास्त ठोकला तर दगड तडकतो. डोकं वर राहिलं तर वरची पाटी उचलली जाते. भोक मागच्या बाजूने पाडतात, म्हणजे पुढे दगडाचा टवका उडून खोलगट वाटी होते आणि खिळ्याचं डोकं तिच्यात बसतं.

खिळा आधी जातो, म्हणून ब्रिटनमध्ये जुन्या स्लेटचा चांगला बाजार आहे. गिरणी पाडली, प्रार्थनाघर उतरवलं की पाट्या जाडीप्रमाणे निवडून रचतात आणि दुसऱ्या छपरासाठी विकतात. त्या निवडताना मानकाचा कागद हाताशी नसतो. कारागीर पाटी एका हाताने उभी धरतो आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने तिच्यावर टिचकी मारतो, आपल्याकडे बाजारात बायका माठ वाजवून घेतात तशी. खणखणीत वाजली तर रासेवर. बद्द वाजली तर बाजूला.