उणे पंधरा अंशांतलं चाकावरचं घर

इटलीच्या उत्तर टोकाला, स्वित्झर्लंडच्या हद्दीला खेटून लिविन्यो नावाचं लांबट खोरं आहे. उंची १,८१६ मीटर. इटालियन लोक त्याला 'छोटा तिबेट' म्हणतात. स्कीइंगला येणारे बरेच जण इथे हॉटेलात न उतरता कॅम्परव्हॅनमध्ये राहतात. बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी, सगळं एका गाडीत. रात्री जड, थंड हवा उतारांवरून ओघळत खोऱ्याच्या तळाशी साचते आणि जानेवारीत पहाटे पारा उणे पंधराच्याही खाली उतरतो. बाहेर ही अवस्था, आणि आत दिवसभर बर्फावर घसरून दमलेली माणसं साध्या टी-शर्टवर बसून पास्ता शिजवत असतात!

हे जमतं कसं ते बघू लागलं की थक्क व्हायला होतं, कारण गाडीतल्या प्रत्येक पदार्थाचं थंडीशी वेगळं भांडण असतं.

आधी शेगडी. सिलिंडरमधला गॅस द्रवरूपात असतो. त्याची वाफ झाली तरच ज्योत पेटणार. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतं, प्रोपेन उणे ४२ ला. आपल्या घरच्या सिलिंडरमध्ये या दोघांचं मिश्रण असतं आणि मुंबई-पुण्यात त्याची कधी तक्रार नसते. लिविन्योत मात्र त्यातलं प्रोपेन आधी उडून जाईल आणि मागे उरलेलं ब्युटेन द्रवरूपातच बसून राहील. सिलिंडर हलवला तर आत डचमळल्याचं ऐकू येईल, पण शेगडी काही पेटणार नाही. म्हणून हिवाळ्यात निव्वळ प्रोपेनच न्यायचं.

मला सगळ्यात जास्त नवल वाटतं ते श्वासाचं. झोपलेल्या दोन माणसांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात साधारण अर्धा लिटर पाणी हवेत जातं. आता गाडीतली हवा किती? मध्यम व्हॅनमध्ये जेमतेम बारा घनमीटर. वीस अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ मावते. म्हणजे सगळी हवा काठोकाठ भरली तरी दोनशे ग्रॅमच्या आसपास. उरलेलं पाणी जाणार कुठे? जिथे सगळ्यात गार पृष्ठभाग सापडेल तिथे. आधी पुढच्या काचेवर, मग दाराच्या उघड्या पत्र्यावर, खिडकीच्या चौकटीतल्या स्क्रूच्या डोक्यावर. प्रत्येक स्क्रूवर बर्फाचं पांढरं टोपण चढलेलं दिसतं! धातू बाहेरची थंडी थेट आत आणतो, त्यामुळे गाडीच्या भिंतीत उष्णतारोधक थर कुठे तुटलाय याचा नकाशाच पहाटे उमटलेला असतो. त्यात ओले हातमोजे, मोजे आणि पास्त्याच्या पातेल्याची वाफ यांची भर.

यावरचा उपाय पहिल्यांदा ऐकला की पटत नाही: खिडकी थोडी उघडी ठेवायची. बाहेर उणे वीस असताना एक घनमीटर हवेत फार तर एक ग्रॅम वाफ असते. तीच हवा आत येऊन वीस अंशांपर्यंत तापली की तिच्यात आणखी सोळा ग्रॅम पाणी घ्यायची जागा होते. म्हणजे गोठवणारा वाराच गाडी वाळवतो. छतावरची झडप बोटभर उघडी, हीटर चालू, आणि ओल आपोआप बाहेर. थोडी ऊब जाते, पण गादी कोरडी राहते. ओल्या गादीत कितीही पांघरुणं घेतली तरी हुडहुडी भरणारच.

पुढच्या काचेवर जाड गादीसारखा पडदा लावतात, तो शक्यतो बाहेरून. आतून लावला तर काच आणखी गार पडते, वाफ फटींतून पडद्यामागे शिरते आणि तिथे बर्फ साचतो. बाहेरून लावला तर काच उबेच्या बाजूला राहते. पडदा तोच, फक्त बाजू बदलली.

ऊब येते ती बहुधा डिझेलवर चालणाऱ्या छोट्या हीटरमधून. खालचा पंप टिक-टिक करत थेंब-थेंब इंधन देतो; मध्यम आचेवर ताशी लिटरच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. ज्वलन बंद कोठीत होतं, धूर गाडीखालच्या नळीतून बाहेर जातो आणि आत येते ती फक्त तापवलेली हवा. इथे मात्र हलगर्जीपणा चालत नाही. रात्रभर बर्फ पडला आणि धुराड्याचं तोंड बुजलं तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. म्हणून गाडीत त्याचा इशारा देणारं यंत्र हवंच, आणि झोपण्यापूर्वी फावडं घेऊन गाडीखालचा बर्फ उपसायचा तो उपसायचाच.

पाण्याचं गणित सोपं आहे. गोठताना ते नऊ टक्के फुगतं आणि नळ्या फोडतं. त्यामुळे हिवाळी गाड्यांत टाकी दुहेरी तळाच्या आत, उबेत ठेवतात. काही बॉयलरना अशी झडप असते की तापमान तीन अंशांच्या आसपास आलं की ती आपणहून उघडते आणि सगळं पाणी बाहेर सोडून देते. युरोपातल्या ईएन १६४६ या मानकाची वरची श्रेणी हवी असेल तर गाडी उणे पंधराच्या शीतकक्षात गोठवतात. मग चार तासांत आत वीस अंश व्हावे लागतात आणि त्यानंतर तासाभरात नळाला पाणी यावं लागतं. लिथियम बॅटरीही माणसांसोबत आतच राहते, कारण शून्याखाली ती चार्ज केली तर आत धातूचा थर जमून कायमची बिघडते.

निघायच्या सकाळी प्रश्न डिझेलचा. थंडीत खोबरेल तेल थिजतं तसंच डिझेलमधलं मेणही थिजतं आणि फिल्टर तुंबतो. ऊबदार मैदानातून भरून आणलेलं डिझेल इथली पहाट सोसेल याचा भरवसा नसतो. डोंगराळ भागातल्या पंपांवर थंडीसाठी वेगळं तयार केलेलं डिझेल मिळतं. म्हणून जाणकार मंडळी टाकी जवळजवळ रिकामी ठेवूनच चढतात आणि वर पोहोचल्यावर ती भरून घेतात. लिविन्यो करमुक्त असल्यामुळे इथे ते खालच्यापेक्षा स्वस्तही पडतं.