वाघ, शेतकरी आणि शिकारी : गाव, वनविभाग आणि शाळा यांनी मिळून काय करायचं?



'वन्यजीव संरक्षण' हा विषय वर्गात आला की आपण मुलांकडून वाघाचं चित्र काढून घेतो, घोषणा लिहून घेतो, फलक रंगवून घेतो. हे चांगलंच आहे. पण चंद्रपूर, यवतमाळ किंवा जुन्नरकडच्या शाळेतलं एखादं मूल उभं राहून विचारतं, "सर, वाघानं आमची गाय मारली तर मग आम्ही काय करायचं?" या प्रश्नाला घोषणेनं उत्तर देता येत नाही. म्हणून या लेखात शिकार आणि मानव-वन्यजीव संघर्ष हे दोन्ही विषय एकत्र समजून घेऊ. ते एकत्रच का शिकवायचे, हेही पुढे येईल.

आधी थोडे आकडे

देशात दर चार वर्षांनी वाघांची गणना होते. महाराष्ट्रात २००६ साली १०३ वाघ होते. २०१४ मध्ये ते १९० झाले, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ च्या गणनेत ४४४. म्हणजे सोळा वर्षांत चौपटीहून जास्त. आनंदाचीच गोष्ट आहे.

पण वाघ वाढले तसं जंगल वाढलं नाही. वाघाला स्वतःचा इलाखा लागतो. पिल्लू दीड-दोन वर्षांचं झालं की आईपासून वेगळं होतं आणि नवी जागा शोधायला निघतं. ताडोबा भरलं की ते बाहेर पडतं. आज ब्रह्मपुरी वनविभागात कितीतरी वाघ राहतात, आणि हा भाग व्याघ्र प्रकल्पात येत नाही. तिथे जंगलाचे तुकडे आहेत आणि मधे धानाची शेतं, तलाव, गावं, शाळा. वाघ रात्री ज्या पांदणीनं जातो, त्याच पांदणीनं सकाळी मुलं शाळेत येतात.

शिकार आणि संघर्ष : वेगळे वाटतात, पण वेगळे नाहीत

पुस्तकात साधारणपणे 'शिकार' हा एक मुद्दा असतो आणि 'संघर्ष' हा दुसरा. प्रत्यक्षात हे दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत.

शिकारीचा पहिला प्रकार म्हणजे व्यापारासाठी केलेली शिकार. कातडी, हाडं, नखं विकायची. राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नाही, हे २००५ मध्ये उघड झालं तेव्हा देश हादरला. त्यानंतर कायद्यात बदल झाला, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण आणि वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरो या संस्था उभ्या राहिल्या. आपल्याकडे एप्रिल २०१२ मध्ये ताडोबाजवळ गोंडमोहाडी इथे दोन वाघ लोखंडी सापळ्यात अडकले. त्यातला एक मेला.

आता विचार करा. बाहेरून आलेल्या माणसाला वाघ कोणत्या पाणवठ्यावर येतो हे कसं कळतं? वनरक्षक गस्तीला कधी जातो हे कोण सांगतं? बहुतेक वेळा स्थानिक माणसाच्या मदतीशिवाय हे जमत नाही. ज्या गावात वनविभागाबद्दल राग आहे, तिथे अशी मदत मिळणं सोपं जातं. याच्या उलट, जिथे वनरक्षक गावकऱ्यांच्या अडीअडचणीला धावून येतो, तिथे जंगलाच्या कडेला अनोळखी लोकांनी डेरा टाकला की पहिला फोन त्यालाच जातो.

दुसऱ्या प्रकारच्या शिकारीत विकण्याचा हेतू नसतो. रानडुक्कर आणि रोही एका रात्रीत धान, तूर, सोयाबीन साफ करतात. वर्षाची कमाई जाते. मग शेतकरी विजेच्या तारेवर आकडा टाकून शेताच्या कुंपणात करंट सोडतो. तो रानडुकरासाठी असतो, पण वाघाला ते कसं कळणार? एप्रिल २०१७ मध्ये नागभीड परिसरात रेडिओ कॉलर लावलेला 'श्रीनिवास' नावाचा वाघ असाच विजेच्या धक्क्यानं मेला. अशा तारेला चिकटून माणसंही मरतात, कधी खुद्द शेतमालकच. तिसरा प्रकार विषाचा. गाय मारली म्हणून चिडलेला माणूस उरलेल्या मढ्यात कीटकनाशक घालतो. वाघ दुसऱ्या रात्री खायला परत येतो आणि मरतो.

कायद्याच्या दृष्टीनं तिन्ही गुन्हेच आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघ पहिल्या अनुसूचीत आहे. पण उपाय तिन्हींचा सारखा नाही. पहिल्यासाठी गस्त, खबर आणि पोलिसी तपास लागतो. दुसऱ्या-तिसऱ्यासाठी पीक आणि जनावरं वाचवण्याची सोय लागते, आणि नुकसान झालंच तर वेळेत भरपाई.

कोणाचं काम काय?

वाघाला हद्दी कळत नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यात एकच वाघ आठवडाभरात व्याघ्र प्रकल्पातून प्रादेशिक वनविभागात, तिथून वनविकास महामंडळाच्या जंगलात आणि मग कोणाच्या तरी शेतात जाऊ शकतो. कार्यालयं मात्र वेगवेगळी असतात. म्हणून समन्वय लागतो. मुलांसाठी फळ्यावर अशी यादी करता येईल :

• वनरक्षक आणि वनपाल : रोजची पायी गस्त, पाऊलखुणा, पाणवठे तपासणं, पंचनामा. आता अनेक व्याघ्र प्रकल्पांत गस्तीची नोंद मोबाईलवर होते, त्यामुळे कोणता भाग बरेच दिवस पाहिला गेलेला नाही हे नकाशावर दिसतं.
• विशेष व्याघ्र संरक्षण दल : ताडोबा, पेंच, मेळघाट, नवेगाव-नागझिरा इथे शिकारीविरुद्ध काम करणारं खास दल.
• पोलीस : टोळ्यांचा माग, फोनच्या नोंदी, आणि वाघ गावाजवळ आला की गर्दीवर नियंत्रण.
• महावितरण : आकडे काढणं. रात्री एखाद्या वाहिनीवर अचानक बिघाड दाखवला तर वनविभागाला कळवणं, कारण ती करंट सोडल्याची खूण असू शकते.
• पशुवैद्यक : जखमी किंवा बेशुद्ध प्राण्याची काळजी, शवविच्छेदन.
• ग्रामपंचायत, पोलीस पाटील : दवंडी, रस्त्यावरचे दिवे, झाडोरा साफ ठेवणं, घराजवळ शौचालय.
• गावातली प्राथमिक प्रतिसाद पथकं : ताडोबा आणि ब्रह्मपुरी भागात गावातल्याच तरुणांना प्रशिक्षण देऊन अशी पथकं तयार केली आहेत. वनविभागाची गाडी पोचेपर्यंत लोकांना शांत ठेवायचं, प्राण्याला वाट मोकळी ठेवायची, हे त्यांचं काम.

एक गाय मेली : पुढच्या चोवीस तासांत काय होतं?

समन्वय हा शब्द मुलांना जड वाटतो. म्हणून एक प्रसंग घेऊ. समजा, संध्याकाळी गुराखी परत आला आणि एक गाय कमी निघाली. शोधल्यावर ती नाल्याकाठी मेलेली सापडली.

पहिली शक्यता. मालक वनरक्षकाला फोन करतो, कोणी उचलत नाही. दुसऱ्या दिवशीही कोणी येत नाही. पंचनामा नाही म्हणजे भरपाई नाही, हे त्याला माहीत आहे. शेजारी म्हणतो, "त्यांना वाघाचीच पडलीय, आपली कुठं?" तिसऱ्या दिवशी मढ्यात विष पडतं.

दुसरी शक्यता. गावातल्या पथकातला मुलगा अर्ध्या तासात पोचतो. मढं हलवायचं नाही, फोटो काढायचा, लोकांना लांब ठेवायचं, हे त्याला ठाऊक आहे. वनरक्षक दिवस मावळायच्या आत किंवा सकाळी उजाडताच येतो, पंचनामा करतो, अर्ज तिथेच भरून घेतो. मढ्याजवळ कॅमेरा ट्रॅप लागतो. त्यामुळे तो वाघ होता की बिबट्या, नवा होता की ओळखीचा, हे कळतं आणि त्या वाघावर नजरही राहते. गावात सांगितलं जातं, "दोन दिवस नाल्याकडे गुरं नेऊ नका."

वाघ तोच, गाय तीच, मालक तोच. फरक पडला तो बातमी किती लवकर पोचली आणि ती ऐकून माणूस आला की नाही, यामुळे. पुढच्या महिन्यात त्याच मालकाला जंगलात लोखंडी सापळा दिसला, तर तो कोणाला सांगेल? पहिल्या शक्यतेतला मालक गप्प बसेल. दुसऱ्यातला फोन करेल. शिकार आणि संघर्ष एकत्र शिकवायचे ते यासाठी.

माणूस दगावतो तेव्हा

हा भाग वर्गात सांगताना फार जपायला हवं. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला लोक पहाटे जंगलात जातात. खाली वाकून काम चालतं, नजर जमिनीवर असते. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. "मग जंगलात जायचंच कशाला?" असं शहरात बसून विचारणं सोपं आहे. त्या पंधरा-वीस दिवसांच्या कमाईवर कितीतरी घरांचं बियाणं आणि वह्या-पुस्तकं येतात.

महाराष्ट्र शासन अशा मृत्यूनंतर कुटुंबाला २५ लाख रुपये देतं. पैसे गरजेचे आहेत, पण माणूस परत येत नाही. म्हणून आधीचे उपाय महत्त्वाचे. गटानं जाणं, बोलत राहणं, उजाडल्यावरच आत शिरणं, वाघीण पिल्लांसह असलेला भाग काही दिवस टाळणं. हंगामाआधी वनविभाग, तेंदूपत्ता ठेकेदार आणि ग्रामपंचायत एकत्र बसले तर 'आज कोणत्या भागात जायचं नाही' हे ठरवता येतं. २०१५ पासूनच्या जन-वन विकास योजनेत जंगलालगतच्या गावांना गॅस जोडणीसारख्या सोयी दिल्या जातात, त्यामागेही हाच विचार आहे. सरपणासाठीच्या फेऱ्या कमी, तर गाठभेटी कमी.

वाघ माणसांवर वारंवार हल्ले करू लागला तर? कायद्याचं कलम ११ सांगतं की असा प्राणी पकडणं, बेशुद्ध करणं किंवा हलवणं शक्यच नाही अशी खात्री पटली, तरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याचा आदेश देऊ शकतात. यवतमाळ जिल्ह्यातली टी-१ म्हणजेच 'अवनी' वाघीण आठवत असेल. तेरा मृत्यूंशी तिचं नाव जोडलं गेलं. कॅमेरे, हत्ती, पथकं, न्यायालयीन लढाई असं सगळं झालं आणि २ नोव्हेंबर २०१८ ला ती मारली गेली. तिला मारताना नियम पाळले गेले का, यावर नंतर बराच वाद झाला. या सगळ्यात गावांनी माणसं गमावली, आणि दोन पिल्लं आईविना राहिली. पहिल्या-दुसऱ्या हल्ल्यानंतरच सगळ्यांनी मिळून हालचाल करणं किती मोलाचं असतं, हे यातून मोठ्या मुलांना समजावता येतं.

"पकडा आणि लांब सोडून द्या!"

हा उपाय मुलं हमखास सुचवतात, आणि मोठेही. जुन्नर भागात २००१ नंतर उसातले बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्यात आले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं की त्याआधी वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, आणि बिबटे हलवायला लागल्यावर ते १७ वर गेले. प्राणी अनोळखी जागी सैरभैर होतो आणि त्याच्या रिकाम्या जागेत दुसरा येतो. म्हणून बंदिस्त गोठा, संध्याकाळी मुलांना एकटं न सोडणं, घराभोवती उजेड आणि स्वच्छता या साध्या गोष्टी पिंजऱ्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात. शेतासाठी सौर कुंपण, म्हणजे शेतकरी ज्याला 'झटका मशीन' म्हणतात, ते आहे. त्याचा झटका क्षणभराचा असतो. जनावर पळतं, मरत नाही. आकड्याच्या करंटमध्ये आणि झटका मशीनमध्ये काय फरक, हा तर विज्ञानाच्या तासाचा उत्तम विषय आहे.

वर्गात आणि घरी

१. गावाचा नकाशा : मुलांनी शाळा, घरं, पाणवठा, गोठे, अंधाराचे रस्ते, प्राणी दिसलेल्या जागा दाखवायच्या. तयार नकाशा ग्रामसभेत आणि वनरक्षकाला दाखवा.

२. भूमिका-अभिनय : वर चा गाईचा प्रसंग घ्या. मालक, वनरक्षक, सरपंच, महावितरणचा लाइनमन, पोलीस पाटील. प्रत्येकानं आपली अडचण बोलून दाखवायची. मालकाची भूमिका हुशार मुलालाच न देता आळीपाळीनं सगळ्यांना द्या.

३. फोन पाठ करणं : वनविभागाचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक आणि आपल्या बीटच्या वनरक्षकाचा क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवा.

४. पालकांसाठी : बिबट्या किंवा वाघ दिसला की व्हिडिओ काढायला धावू नका आणि मुलांना नेऊ नका. जुने व्हिडिओ 'आजचा, आपल्याच गावचा' म्हणून पुढे पाठवू नका. गर्दीत कोंडलेला प्राणीच जास्त हल्ला करतो.

आणखी एक. शिकारीबद्दल बोलताना कोणत्याही जमातीचं नाव घेऊन 'हे शिकारीच' असं म्हणू नका. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं कितीतरी जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायदा गेला, पण शिक्का लोकांच्या बोलण्यात राहिला. त्या समाजाचं मूल आपल्याच वर्गात बसलेलं असू शकतं. तसंच हल्ल्यात घरचं माणूस गमावलेलं मूल असेल, तर हा पाठ घेण्याआधी त्याच्याशी वेगळं बोला.

चर्चेसाठी प्रश्न

• गाय मेल्यावर पंचनामा उशिरा झाला, तर त्याचा शिकारीशी काय संबंध?
• शेतात करंट सोडणाऱ्या शेतकऱ्याला फक्त शिक्षा देऊन प्रश्न सुटेल का? आणखी काय करावं लागेल?
• आपल्या गावात प्राणी दिसला, तर बातमी कोणाकडून कोणाकडे जाते? ती कुठे अडते?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक गावाचं वेगळं येईल. ती साखळी जिथे तुटते ती जागा मुलांनी शोधली, आणि मोठ्यांनी दुरुस्त केली, तर हा पाठ खऱ्या अर्थानं शिकवून झाला असं समजायला हरकत नाही.