परमुलखातले पहिले आठ दिवस

करार करून समुद्रापलीकडे कामाला जाणे आपल्या कोकणाला नवे नाही. १८३४ पासून मजुरांची जहाजे मॉरिशसला जाऊ लागली, आणि त्यांत रत्नागिरीकडची मराठी माणसेही गेली. पोर्ट लुई बंदरात उतरून सोळा पायऱ्या चढल्या की मजूर सरकारी तळावर येई. आज त्या जागेला आप्रवासी घाट म्हणतात. तेथे सुमारे दोन दिवस काढले की त्याची रवानगी उसाच्या मळ्यावर होई. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापण्याची रीत तिकडे होती. करारावर अंगठा त्याचाच होता, पण करारात काय लिहिले आहे हे बहुतेकांना वाचता येत नव्हते.

आज पनवेलचा मुलगा किंवा मुलगी पदवी घेऊन परदेशी निघते. त्यांतल्या काहींचे डोळे दक्षिण कोरियाकडे लागले आहेत, कारण तेथे इंग्रजी शिकवणाऱ्याला मागणी आहे. मास्तर म्हणजे काही मजूर नव्हे, अशी घरच्यांची समजूत असते. आम्ही कामगार चळवळीतली माणसे असे मानतो की, जो दुसऱ्याच्या हुकमाखाली ठरल्या वेळी ठरल्या पगारावर राबतो तो कामगारच. मग त्याच्या हातात पाना असो की खडू.

प्रथम वाट कोणती ते पाहू. कोरियात इंग्रजी शिकवण्याचा ई-२ व्हिसा सर्वसाधारणपणे अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांना मिळतो. भारत आणि कोरिया यांच्यातला आर्थिक करार १ जानेवारी २०१० पासून अमलात आला. त्याने शिक्षकाची पात्रता असलेल्या भारतीयांनाही शाळांत सहाय्यक शिक्षक म्हणून जाण्याची वाट ठेवली. तेव्हा एखादा दलाल भारतीय पासपोर्टवर खाजगी शिकवणीची नोकरी देऊ लागला, किंवा "आधी पर्यटक म्हणून चला, पुढचे पुढे पाहू" असे म्हणू लागला, तर तेथेच थांबावे. व्हिसा नसताना केलेल्या कामात कामगार गुन्हेगार ठरतो.

दुसरी गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे आखातासारख्या ठरावीक देशांत जाणाऱ्या कमी शिकलेल्या मजुराचे कागद सरकारी अधिकाऱ्याच्या नजरेखालून जातात. कोरिया त्या देशांच्या यादीत नाही, आणि पदवीधराला ती अट लागूही नाही. म्हणजे न शिकलेल्याचा करार सरकार पाहते, आणि शिकलेल्याचा करार त्याने स्वतःच पाहायचा! शिक्षणाचा उपयोग येथे झाला नाही तर कोठे व्हायचा?

आता पहिले आठ दिवस. इंचॉनच्या विमानतळावर उतरलेल्या माणसाला कोरियन पाट्या वाचता येत नाहीत. पण कोरियन लिपीला मूळ अक्षरे चोवीसच आहेत, आणि आपल्यासारखीच व्यंजन व स्वर जोडून ती लिहितात. रोज दोन तास बसले तर आठवड्यात वाचता येते. अर्थ न कळला तरी बसवरचे गावाचे नाव वाचता आले की माणूस निम्मा मोकळा होतो.

त्यानंतर वैद्यकीय तपासणी आणि परकीयांची नोंदणी. ही नोंदणी ९० दिवसांच्या आत करावी लागते, पण ती पहिल्या दिवसांतच करून घ्यावी, कारण बँकेची आणि फोनची कामे त्या ओळखपत्रावाचून अडतात. याच वेळी "पासपोर्ट आमच्याकडे ठेवा, सुरक्षित राहील" असे कोणी गोड बोलून मागेल. नोकरीच्या बंधनासाठी परकीयाचा पासपोर्ट अडकवून ठेवणे हा कोरियाच्या कायद्याने गुन्हा आहे. हे नम्रपणे सांगावे, पण पासपोर्ट देऊ नये.

तिकडच्या खाजगी शिकवणी वर्गांना 'हागवॉन' म्हणतात. परदेशात वाढलेली आपली मराठी मुले सात देशांपैकी एखाद्याचे नागरिक म्हणून तेथे जातात. त्यांनी पहिल्या पगाराची चिठ्ठी नीट पाहावी. विम्याची वर्गणी कापलेली नसून नुसता ३.३ टक्के कर कापला असेल, तर मालकाने त्यांना कामगार न दाखवता स्वतंत्र धंदेवाईक दाखवले आहे, असे समजावे. वर्षभर नोकरी पुरी केलेल्या कामगाराला तेथे निघताना निदान तीस दिवसांच्या सरासरी पगाराइतकी रक्कम कायद्याने मिळते. ती चुकवण्यासाठी अकराव्या महिन्यात घरी बसवल्याच्या तक्रारी तिकडच्या शिक्षकांत जुन्या आहेत. तळोज्याच्या कारखान्यांत राबणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. २४० दिवस भरायच्या आत ब्रेक देणे म्हणजे काय, हे त्याला चांगले ठाऊक आहे. मुलूख बदलला तरी मालकाची गणिते फारशी बदलत नाहीत.

म्हणून पहिल्याच दिवशी एक वही करावी. कामावर किती वाजता आलो, किती वाजता सुटलो, शिकवण्याआधी किती दिवस नुसते वर्गात बसवले, हे रोज लिहावे. कराराची एक प्रत स्वतःजवळ आणि एक घरी पनवेलला ठेवावी. मजुरीच्या तक्रारीसाठी तेथे १३५० आणि परकीयांच्या कागदपत्रांसाठी १३४५ हे सरकारी फोन आहेत. सोलला आपला दूतावासही आहे. हे सारे वहीच्या पहिल्या पानावर असावे.

हे भय घालण्यासाठी सांगत नाही. तरुणांनी जरूर जावे, जग पाहावे, चार पैसे गाठीला बांधावेत. मॉरिशसच्या मजुराला त्या घाटावर दोन दिवस मिळाले, पण वाचण्याची विद्या मिळाली नव्हती. तुम्हांला ती मिळाली आहे. ती दुसऱ्यांच्या मुलांना शिकवण्याआधी आपल्या करारावर चालवा.