उंचावर दम का लागतो?

मंडळी, समजा, आपण चौघे मित्र मोटारीने तिबेटातल्या ल्हासाहून ग्यान्त्सेकडे निघालो आहोत. ल्हासा शहरच मुळी सुमारे ३,६५० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून वर! पुढची करो खिंड तर सुमारे ५,००० मीटरवर. तिथे पाच रंगांच्या प्रार्थनापताका फडफडत असतात. त्या पाहायला उतरून चार पावलं टाकली, की छाती लोहाराच्या भात्यासारखी हलू लागते.

का बरं? हवेत प्राणवायू कमी म्हणून? तसं नव्हे. त्याचे प्रमाण तिथेही शेकडा २१च. पण हवेचा दाब निम्म्यावर आलेला असतो. हवा विरळ, म्हणून एका श्वासात प्राणवायूही जवळजवळ निम्माच मिळतो.

दाब कमी, म्हणून पाणी साधारण ८३ अंशांवरच उकळते. डाळ शिजता शिजत नाही. तिबेटी माणूस सातू आधीच भाजून दळून ठेवतो. हाच त्यांचा त्साम्पा. लोणी-मिठाच्या चहात तो कालवला, की जेवण तयार!

आता महत्त्वाचे. एखाद्याचे डोके ठणकते, ओकारी येते. पण मित्रांचा बेत मोडेल म्हणून तो गप्प बसतो. ही भीड जिवावर बेतते. अशाने आणखी वर चढू नये. तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर त्याला ताबडतोब खाली न्यावे. या दुखण्याला उतार पडतो, तो वाट उतरल्यावरच. खिंड काय, पुढच्या खेपेलाही तिथेच असेल!