माहितीपट, लोकमत आणि न्यायप्रविष्ट अत्याचार प्रकरणे

प्रसारमाध्यमे आणि न्यायप्रक्रिया यांच्या संबंधाचा प्रश्न महाराष्ट्रात जुना आहे. १९५९ च्या नानावटी खून खटल्यात मुंबईच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने आरोपीच्या बाजूने जनमत उभे केले आणि ज्युरीने ८ विरुद्ध १ अशा मताने त्याला निर्दोष ठरविले. सत्र न्यायाधीशांनी तो कौल न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले आणि तेथे आरोपीस जन्मठेप झाली. पुढे ज्युरीपद्धती संपुष्टात आली. तेव्हापासून लोकमत कितीही क्षुब्ध झाले तरी प्रशिक्षित न्यायाधीशावर त्याचा परिणाम होत नाही, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक अपुरे आहे. न्यायाधीश अलिप्त राहू शकतो. परंतु साक्षीदार त्याच समाजात राहतो, तोच पडदा पाहतो, आणि साक्ष देण्यापूर्वी त्याची स्मृती पडद्यावरील कथनात मिसळण्याची शक्यता असते.

माहितीपटाचे सामर्थ्य त्याच्या सत्यतेच्या दाव्यात आहे. कथाचित्र पाहताना प्रेक्षक काही अंतर राखतो. माहितीपट पाहताना तो स्वतःला प्रत्यक्षदर्शी समजू लागतो. वास्तविक कोणाला बोलते करावयाचे, कोणते वाक्य कोणत्या दृश्यानंतर ठेवावयाचे, कोठे संगीत द्यावयाचे, हे सर्व संकलनाच्या मेजावर ठरते. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मौनाची विषम वाटणी. वकिलाच्या सल्ल्याने गप्प राहणारा आरोपी पडद्यावर अपराधी भासतो. उलट जो आरोपी मुलाखत देतो त्याची बाजू विस्ताराने येते आणि मृत व्यक्ती मात्र उत्तर देऊ शकत नाही.

शीना बोरा खून प्रकरणावरील मालिकेच्या निमित्ताने हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. २०१२ मध्ये घडलेला हा गुन्हा २०१५ मध्ये उघडकीस आला. २०२४ च्या फेब्रुवारीत 'द इंद्राणी मुखर्जी स्टोरी : बरीड ट्रुथ' प्रदर्शित होण्याच्या सुमारास खटला चालू होता. खटल्यावर परिणाम होईल या कारणास्तव केंद्रीय अन्वेषण विभागाने स्थगिती मागितली. खंडपीठाने प्रथम मालिका स्वतः पाहिली आणि खटल्यास बाधक असे काही न आढळल्याने २९ फेब्रुवारी रोजी याचिका फेटाळली. याच न्यायालयाने २००५ मध्ये 'ब्लॅक फ्रायडे' या कथाचित्राचे प्रदर्शन बॉम्बस्फोट खटल्याचा निकाल लागेपर्यंत रोखले होते. सरसकट बंदीपेक्षा आशय पाहून निर्णय देण्याची २०२४ मधील रीत अधिक विवेकी म्हणावी लागेल. मात्र साक्षीदाराच्या मनावरील परिणाम केवळ मालिका पाहून कसा मोजावयाचा, हा प्रश्न त्यातून सुटत नाही.

बंदीचा अनुभव तर निराळेच सांगतो. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील सामूहिक बलात्कारावरील लेस्ली उडविन यांच्या 'इंडियाज डॉटर' या माहितीपटाला मार्च २०१५ मध्ये भारतात बंदी घालण्यात आली. ब्रिटनमध्ये तो दाखविला गेला आणि इंटरनेटमार्फत येथेही पाहिला गेला. त्यातील सिद्धदोष कैद्याची मुलाखत तुरुंगात घेतलेली होती आणि त्याचे अपील तेव्हा सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित होते. जनक्षोभ केवळ त्याच्यावर थांबला नाही; बचाव पक्षाच्या दोन वकिलांच्या स्त्रीविषयक उद्गारांमुळे भारतीय विधिज्ञ परिषदेने त्यांना नोटिसा दिल्या. न्यायालयात न उमटलेली मनोवृत्ती माहितीपटाने उघड केली, हे त्याचे श्रेय. परंतु कैद्याच्या चेहऱ्यावर दीर्घ काळ स्थिरावलेला कॅमेरा प्रेक्षकाला 'हा राक्षस आपल्यातला नाही' असा दिलासाही देतो. लैंगिक अत्याचारांतील आरोपी बहुधा पीडितेच्या परिचयाचा असतो, ही वस्तुस्थिती अशा चित्रणात मागे पडते.

लोकमत घडविण्यास कॅमेराच लागतो असेही नाही. १९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष मुक्त केले. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार विधी अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्राने देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या पत्राचा रोख निकालाच्या तर्कावर होता, पीडितेच्या दुःखाच्या प्रदर्शनावर नव्हता.

त्याच दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत कलम २२८-अ आले आणि पीडितेची ओळख उघड करणे गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. ज्या मुलीमुळे हे संरक्षण मिळाले, तिचे प्रकरण मात्र आजही तिच्याच नावाने शिकविले जाते. निपुण सक्सेना प्रकरणात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, नाव वगळणे पुरेसे नाही. ओळख पटेल असा कोणताही तपशील देता येणार नाही. महानगरात चेहरा धूसर केला की ओळख झाकते. बारामती तालुक्यातील कन्हेरीसारख्या गावात मात्र मंदिराचे शिखर, शाळेचा गणवेश, घरापुढील गोठा किंवा आईचा आवाज एवढ्यावरून पंचक्रोशीला घर कळते, आणि चित्रीकरणाची गाडी निघून गेल्यावरही त्या मुलीला त्याच रस्त्याने शाळेत जावयाचे असते.