संगणक निवडतो सौर रेणू. खरी कसोटी जबलपूरच्या उन्हात

जबलपूर : मे महिन्यात जबलपूरचे तापमान अनेकदा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. सौर घटाची कार्यक्षमता मात्र प्रमाणित चाचणीत घटाचे तापमान २५ अंश ठेवून मोजली जाते. सेंद्रिय सौर घटांसाठी नवे पदार्थ शोधण्याच्या कामात मशीन लर्निंग म्हणजेच यंत्र-अध्ययनाचा वापर वाढत असताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

आज वापरात असलेले बहुतेक सौर पॅनेल सिलिकॉनचे असतात. सेंद्रिय घटात कार्बनी रेणूंचा अत्यंत पातळ थर सूर्यप्रकाश शोषून घेतो. हा थर शाईप्रमाणे लवचिक प्लॅस्टिकवर छापता येतो. त्यासाठी इलेक्ट्रॉन देणारा ‘दाता’ आणि तो स्वीकारणारा ‘ग्राही’ अशा दोन पदार्थांची जोडी लागते. चिंग तांग यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या द्विस्तरीय घटाची कार्यक्षमता सुमारे १ टक्का होती. २०१९ मध्ये ‘वाय-६’ हा ग्राही रेणू पुढे आल्यावर ती १५ टक्क्यांपलीकडे गेली. आता प्रयोगशाळेतील लहान घटांनी २० टक्क्यांच्या आसपास मजल मारली आहे.

अडचण निवडीची आहे. संभाव्य रेणूंची संख्या अफाट असून, एकेक रेणू तयार करून त्याचा घट तपासण्यास कित्येक आठवडे लागू शकतात. हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘क्लीन एनर्जी प्रोजेक्ट’ने स्वयंसेवकांच्या संगणकांचा रिकामा वेळ वापरून सुमारे २३ लाख रेणूंची गणिते केली आणि ती माहिती २०१३ मध्ये सर्वांसाठी खुली केली. अशा गणितांतून आणि प्रत्यक्ष प्रयोगांच्या नोंदींतून यंत्र रेणूची रचना व त्याचे गुणधर्म यांतील संबंध शिकते. त्यानंतर नव्या रेणूविषयीचा अंदाज ते क्षणार्धात देते. प्रयोगशाळेत मग निवडक रेणूच तयार करावे लागतात.

मात्र यंत्र जेवढे दाखवले जाते, तेवढेच शिकते. शोधनिबंधांत प्रामुख्याने यशस्वी प्रयोग छापले जातात. फसलेल्या प्रयोगांच्या नोंदी वहीतच राहतात. घट किती काळ टिकला, याची तुलनायोग्य माहिती त्याहून कमी असते.

भारतासाठी हीच उणीव निर्णायक आहे. भर उन्हात छतावरील पॅनेलचे तापमान ६० अंशांवर जाऊ शकते. अशा उष्णतेत दाता आणि ग्राही यांच्या मिश्रणाची सूक्ष्म रचना बिघडू शकते. अतिनील किरणे, ऑक्सिजन आणि पावसाळी दमट हवा त्यात भर घालतात. सिलिकॉनच्या पॅनेलना साधारण २५ वर्षांची हमी मिळते, तेव्हा केवळ अधिक कार्यक्षमतेच्या बळावर नवा पदार्थ बाजारात टिकणार नाही.

जबलपूरच्या भारतीय माहिती तंत्रज्ञान, अभिकल्प व विनिर्माण संस्थेसारख्या ठिकाणी संगणकशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स एकाच आवारात शिकवले जातात. उन्हाळा आणि पावसाळा सोसलेल्या घटांच्या नोंदी, अपयशासह, अशा संस्थांनी एकसारख्या पद्धतीने जतन केल्यास भारतीय छतावर कोणता रेणू टिकेल, हेही यंत्राला शिकवता येईल.